सर्व, सबंध आणि सोळा आणे

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अभनपुर नावाचे तहसिलीचे गाव आहे. पूर्वी येथे अरुंद रुळांवरची लहान गाडी थांबत असे. तिचा एक फाटा धमतरीला जाई आणि दुसरा महानदीच्या काठी राजिमला. ती गाडी आता इतिहासजमा झाली, आणि २०२५ च्या मार्चअखेर मोठ्या रुळांवरून अभनपुर आणि रायपूर यांच्यामध्ये गाडी धावू लागली. गावाच्या चहूकडे धानाची शेते आहेत. सरकारी चाकरीने मला येथे आणून ठेवले आहे. घरात आम्ही मराठी बोलतो, कचेरीत हिंदी चालते, शेताच्या बांधावर छत्तीसगढी ऐकू येते, आणि वरून येणारे मसुदे पुष्कळदा इंग्रजीत असतात. चार भाषांच्या चव्हाट्यावर बसलेल्या माणसाला शब्दांविषयी थोडेसे संशयी व्हावेच लागते. आज मी ज्या शब्दांविषयी बोलणार आहे त्यांच्या बाबतीत तो संशय मला फार उशिरा आला.

निमित्त घरातलेच झाले. माझी मुलगी नववीत आहे. तिच्या इंग्रजीच्या वहीत बाईंनी एका वाक्यावर लाल रेघ ओढली होती. तिला म्हणायचे होते, ‘सगळे शेतकरी मंडईत आले.’ त्यासाठी तिने ‘होल फार्मर्स’ असे लिहिले होते आणि बाईंनी ‘होल’ खोडून ‘ऑल’ केले होते. ती मला म्हणाली, “बाबा, होल म्हणजे सगळे आणि ऑल म्हणजेही सगळे. शिवाय एन्टायर आहे, कम्प्लीट आहे, फुल आहे, टोटल आहे. एकाच गोष्टीला एवढे शब्द कशाला ठेवले या लोकांनी?”

एम. ए.ला असताना भाषाशास्त्राची पुस्तके चाळलेली असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला तोंडपाठ असायला हवे होते. तरी मी तिला प्रथम उलट प्रश्न केला : “मराठीत तू ‘सबंध शेतकरी आले’ असे म्हणशील का?” ती हसली. म्हणाली, “सबंध शेतकरी कसा म्हणणार? अर्धा शेतकरी येतो का कधी?” बाईंच्या लाल रेघेचे कारण तिने स्वतःच सांगून टाकले होते.

श्रोतेहो, ‘सगळे’ या एका भावनेच्या पोटात निदान दोन निराळे हिशेब आहेत. एक मोजदादीचा : इतके होते, तितके आले, एकही मागे राहिला नाही. दुसरा अखंडपणाचा : वस्तू एकच, पण तिचा एकही तुकडा गेलेला नाही. इंग्रजीत ‘ऑल’ पहिल्याकडे झुकतो आणि ‘होल’ दुसऱ्याकडे. या ‘होल’ शब्दाचे कूळ मोठे गोड आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ धडधाकट, निरोगी असा होता. जखम बरी होण्याचा ‘हील’ आणि प्रकृतीचा ‘हेल्थ’ हे त्याचेच भाऊबंद. त्याच्या आरंभी जे ‘डब्ल्यू’ अक्षर आज दिसते ते पुढे लेखनात चिकटलेले आहे, उच्चारात त्याला स्थान नाही. ज्याचे शरीर शाबूत आहे, तो ‘होल’.

‘एन्टायर’ची कथा आणखी मौजेची. लॅटिनमधल्या ‘इंटिजर’ या शब्दावरून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ ‘अस्पृष्ट’, म्हणजे ज्याला कोणी हात लावलेला नाही असा. आता आपल्या ‘अख्खा’ या शब्दाकडे पाहा. तो संस्कृत ‘अक्षत’ या शब्दावरून आला आहे, आणि अक्षत म्हणजे ज्याला क्षत पडलेले नाही, इजा झालेली नाही असे. दोन दूरच्या देशांतल्या माणसांनी संपूर्णतेचे लक्षण ‘न दुखावलेले’ असेच ठरवावे, याचे मला नेहमी नवल वाटते. लग्नात आपण वधूवरांवर ज्या अक्षता टाकतो त्या न मोडलेल्या तांदळाच्याच असाव्यात हा संकेत त्यातूनच आला.

अभनपुरला हा शब्द कोशात शोधावा लागत नाही. येथील गिरणीत धान भरडले जाते तेव्हा अख्खा दाणा एकीकडे पडतो आणि मोडलेला दुसरीकडे. आपण ज्याला कणी म्हणतो तिला इकडे कनकी म्हणतात. सरकारी धान भरडायला दिले की शंभर किलो धानामागे गिरणीवाल्याने ६७ किलो कच्चा तांदूळ परत द्यावा असा हिशेब आहे, आणि त्या तांदळात २५ टक्क्यांपर्यंत तुकडा सरकारी खरेदीत चालत आलेला आहे. म्हणजे ६७ किलो ‘पूर्ण’ भरले, तरी त्यातला दाणा ‘अख्खा’ असेलच असे नाही. पोत्याचे माप पुरे भरणे आणि दाणा शाबूत असणे या दोन बाबी गिरणीवर काम करणारा हमालसुद्धा कधी एक करणार नाही. आम्ही लेखणीवाले मात्र त्या सर्रास एक करतो.

‘पूर्ण’ हा शब्द मापाचाच आहे. भांडे काठोकाठ भरले म्हणजे ते पूर्ण. इंग्रजीतला ‘फुल’ आणि आपला ‘पूर्ण’ हे एकाच मूळ धातूचे वंशज असून लॅटिनमधला ‘प्लेनुस’ हाही त्यांचाच सोयरा. ‘कम्प्लीट’ म्हणजेही भरून काढलेले, उणे पुरे केलेले. आपल्या ‘सर्व’ शब्दाचे नातेवाईक मात्र निराळ्या गावी सापडतात. ग्रीकमध्ये ‘होलोस’ म्हणजे संपूर्ण, आणि लॅटिनमध्ये ‘साल्वुस’ म्हणजे सुखरूप. हे दोन्ही ‘सर्व’चे सख्खे चुलत बंधू होत. गंमत अशी की ग्रीक ‘होलोस’ आणि इंग्रजी ‘होल’ यांचे तोंडवळे इतके सारखे असूनही त्यांच्यात रक्ताचे नाते नाही. चेहऱ्यावरून सोयरीक जुळवू नये ती अशी.

आपली भाषा या बाबतीत इंग्रजीपेक्षा दरिद्री आहे असा कोणाचा समज असेल तर त्याने मोल्सवर्थचा कोश घेऊन बसावे. तो १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. मोल्सवर्थने आरंभिलेला आणि कँडीने तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. एकेका इंग्रजी शब्दापुढे या मंडळींनी मराठी शब्दांची रीघ लावलेली आहे. आणि आपले शब्द नुसते पर्याय नाहीत, प्रत्येकाच्या मागे एक चित्र आहे. ‘आमूलाग्र’ म्हणताना आपण एका झाडाकडे मुळापासून शेंड्यापर्यंत पाहतो. ‘नखशिखांत’ भिजलेला माणूस पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत निथळतो. ‘सांगोपांग’ चर्चेला अंगे असतात आणि उपांगेही असतात. ‘झाडून सगळे’ आले म्हणताना केरसुणी हातात घेतल्यावाचून राहवत नाही. ‘यच्चयावत्’ हा शब्द तर जे जे म्हणून आणि जेवढे म्हणून असेल ते सारे एका दमात गोळा करतो. ‘अशेष’ मात्र पात्राकडे न पाहता तळाकडे पाहतो आणि काही उरले नाही एवढेच सांगतो. ‘पार’, ‘साफ’, ‘पुरता’, ‘निखालस’ हे बहुधा संकटाच्या वेळी धावून येतात. माणूस पुरता बुडतो, पार खचतो, साफ नाकबूल करतो. ‘पुरता तरला’ असे मी तरी कोठे ऐकलेले नाही.

मला सर्वांत आवडतो तो ‘अखिल’. सभासंमेलनांनी आणि संघटनांच्या फलकांनी या शब्दाचे हाल केले आहेत. ‘अखिल भारतीय’ अशी पाटी लावून चार गल्ल्यांपुरती मंडळे चालतात. पण ‘खिल’ म्हणजे काय? पिकाखालच्या शेतांच्या मधे नांगर न लागता पडून राहिलेली जमीन ती खिल. असा एकही पडीक तुकडा ज्यात नाही ते अखिल. महसूल खात्यातल्या माणसासाठीच जणू हा शब्द घडवलेला आहे. मला त्याचा खरा अर्थ कोशातून कळला होता, पण तो दिसला एका शेतात, आणि तेथे जे घडले त्याला कारण मीच होतो.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या एका जिल्ह्यात होतो. एका कालव्याच्या फाट्यासाठी काही गावांतली जमीन संपादन करायची होती. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला होता, आणि त्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे प्रारंभिक अधिसूचना स्थानिक भाषेत पंचायतीतही लावावी लागते. मसुदा इंग्रजीत होता आणि त्याचे हिंदी करण्याचे काम माझ्याकडे आले. इंग्रजी वाक्याचा आशय सरळ होता : खाली दाखवलेले सर्व खसरे, प्रत्येकापुढे नोंदलेल्या क्षेत्रापुरते. तेथे ‘ऑल’ हा शब्द होता. तो खसऱ्यांची मोजदाद करणारा होता, जमिनीच्या अखंडपणाशी त्याचा संबंध नव्हता.

‘सब खसरे’ हे शब्द मला फार हलके वाटले. शासकीय कागदाला भारदस्तपणा हवा, असे मनात आले. भारदस्त शब्दांचा हा मोह आम्हा नागपूरकडच्या लोकांत जरा जुनाच आहे. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत डॉ. रघुवीर यांनी नागपूरला बसून इंग्रजी संज्ञांसाठी संस्कृत शब्दांची टांकसाळच उघडली होती, आणि त्यांनी पाडलेली बरीच नाणी आजही खणखणीत वाजतात. पण त्यांची विद्वत्ता वेगळी आणि माझा हव्यास वेगळा. मी लिहिले : ‘निम्नलिखित खसरों की संपूर्ण भूमि’. क्षेत्राविषयीचे शब्द वाक्यातून निसटून तक्त्याच्या खाली, शेवटच्या ओळीत जाऊन बसले. तक्त्यात आकडे बरोबर होते. वरिष्ठांनी सही केली. कागद पंचायतीच्या भिंतीवर लागला.

भिंतीवरचा कागद गावात कोण वाचतो? गावात कोटवार दवंडी देतो आणि लोक ती ऐकतात. कोटवाराने तक्ता वाचला नाही, तो वाचण्याची अपेक्षाही नव्हती. त्याने वरचे वाक्य घेतले आणि आपल्या भाषेत सांगितले. ‘संपूर्ण’ला छत्तीसगढीत त्याच्याजवळ एकच शब्द होता, ‘जम्मो’. जम्मो म्हणजे सगळे. मोजदादीचेही तेच, अखंडपणाचेही तेच. इंग्रजीत जो शब्द खसऱ्यांची गणती करीत होता तो हिंदीत जमिनीला जाऊन चिकटला आणि छत्तीसगढीत त्याने जमीन गिळून टाकली.

पावसाळ्यात, श्रावणाच्या सुमारास, मी मोजणीच्या कामासाठी त्या गावी गेलो. रोवणी उरकली होती. चहूकडे हिरवेगार, मधे पाणी चमकते आहे, आणि त्यात एकच तुकडा गवत वाढलेला, नांगर न लागलेला. मी पटवाऱ्याला विचारले, हे शेत पडीक का? शेताचा मालक बांधावरच उभा होता. साठीचा माणूस. त्याचा खसरा ०.९७ हेक्टरचा आणि त्यातले संपादनात यायचे होते ०.१२ हेक्टर, एका कडेचा पट्टा. त्याने सगळीच जमीन गेली असे धरून पेरणी केली नव्हती. बियाणे घरी खाऊन संपले होते आणि बैलजोडी जेठ महिन्यातच विकली होती. मी म्हणालो, “दादा, कागदात तर क्षेत्र लिहिले होते.” तो रागावला नाही. इतकेच म्हणाला, “जम्मो त लिखे रहिस, साहेब.” सगळेच तर लिहिले होते.

मी कचेरीत परत येऊन शुद्धिपत्र काढले. मोबदला ०.१२ हेक्टरचा मिळणार होता, आणि तो नियमाप्रमाणे मिळाला. बुडालेल्या खरिपाचे काय? तो खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवावा हे मला सापडेना. संपादनामुळे उभ्या पिकाचे नुकसान झाले तर त्याची तरतूद कायद्यात आहे. पण येथे पीक उभेच राहिले नव्हते, आणि ते उभे न राहण्याचे कारण संपादन नसून एक विशेषण होते. विशेषणामुळे झालेल्या नुकसानीचे कलम कोणत्याही कायद्यात नाही. हिवाळ्यात त्याने तेथे हरभरा टाकला असे पटवाऱ्याकडून कळले. बैल भाड्याने आणले होते.

हा दोष छत्तीसगढीचा नव्हता आणि कोटवाराचा तर मुळीच नव्हता. मराठीत लिहिले असते तर कदाचित वाचलो असतो, कारण ‘सगळे खसरे’ आणि ‘सगळा खसरा’ यांत मराठी व्याकरण लगेच बोट दाखवते. वचन बदलले की अर्थ बदलतो. हिंदीतही ‘सारे खेत’ आणि ‘सारा खेत’ असा भेद आहे. पण संस्कृतातून उसने आणलेले ‘संपूर्ण’, ‘समस्त’, ‘समग्र’ हे शब्द लिंगवचनाप्रमाणे बदलत नाहीत. ते कोणाशीही तसेच उभे राहतात, आणि आपण नेमके कोणाविषयी बोलत आहो हे झाकून ठेवतात. त्यात ‘भूमि’ हा शब्द एकवचनी. भारदस्तपणाची किंमत ही अशी असते, आणि ती लिहिणाऱ्याला द्यावी लागत नाही.

या प्रकारानंतर मी जुने कागद निराळ्या दृष्टीने वाचू लागलो. छत्तीसगढात मराठी अंमल आला तो १७४१ साली भास्करपंतांनी रतनपुरावर केलेल्या स्वारीनंतर. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी येथे प्रत्यक्ष कारभार केला, आणि मराठी भाषा व मोडी लिपी या प्रदेशाच्या दरबारी आली. मराठेशाहीतल्या इनामपत्रांचा साचा अभ्यासकांना परिचित आहे. गाव इनाम द्यायचा तर तो ‘दरोबस्त’ दिला जाई, म्हणजे आतबाहेर काही न राखता. त्यावर ‘कुलबाब कुलकानू’, म्हणजे यच्चयावत् बाबी आणि यच्चयावत् हक्क. एवढ्यावरही लिहिणाऱ्याचे समाधान होत नसे. तो पुढे एकेक वस्तू मोजी : जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, जमिनीत सापडणारे धन आणि कोणी पुरून ठेवलेली ठेव. हे सारे सहित. आणि मग लगेच ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’.

विद्यार्थीदशेत ही यादी मला पाल्हाळ वाटे. आता वाटते, त्या कारकुनांना ‘सगळे’ या शब्दाचा भरवसा नव्हता, म्हणूनच त्यांनी गवताची काडीसुद्धा नाव घेऊन सांगितली. आणि ‘सगळे’ म्हटल्यावर लगोलग ‘खेरीज’ लिहायला ते विसरले नाहीत. बहुतेक सरकारी सर्वांच्या मागे असे एक खेरीज लपलेले असते. त्यांनी ते उघड लिहिले एवढेच. कायद्यालाही या भेदाची जाण आहे. घराचा केवळ काही भाग संपादन करायचा असेल आणि मालक सबंध घरच घ्या म्हणत असेल, तर तुकडा तोडून घेता येत नाही, अशी तजवीज १८९४ च्या जुन्या कायद्यात होती आणि २०१३ च्या कायद्यातही आहे. अर्ध्या भिंतींचे घर हे घर नव्हे, हे तेथे ओळखलेले आहे. शेताच्या बाबतीत तेवढी दया नाही.

सामान्य माणसाने या अमूर्त शब्दांना आपला असा एक उपाय शोधून ठेवलेला आहे : तो पैशात बोलतो. ‘सोळा आणे खरे’ हे आपण अजून म्हणतो, जरी १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणा चलनातून जायला निघाला. या भागात तर आणा हा जमिनीचाही हिशेब होता. मालगुजारीच्या काळात गावाची मालकी आण्यांत मोजत. ज्याच्याकडे संपूर्ण गाव तो सोळा आण्यांचा मालगुजार, निम्मे गाव असेल तो आठ आण्यांचा. १९५१ साली जुन्या मध्यप्रदेशात मालगुजारी संपली. पिकाचा अंदाज मात्र आण्यांवरच चालत राहिला. महाराष्ट्रात आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांच्या खाली पीक गेले की टंचाईची चर्चा सुरू होते. येथे अजून आनावारी हाच शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. चंद्राच्या कलाही सोळाच, आणि ‘सकल’ म्हणजे सर्व कलांसहित. आपला ‘सगळा’ हा याच ‘सकल’चा घरगुती अवतार. सोळाचा आणि पूर्णतेचा हा ऋणानुबंध कोठून आला हे एखाद्या विद्वानाने सांगावे. मला एवढे ठाऊक आहे की शेतकऱ्याला ‘संपूर्ण’ म्हटले की तो घाबरतो, आणि ‘रुपयात दोन आणे जमीन जाणार’ म्हटले की तो हिशेब करू लागतो. त्या म्हाताऱ्याच्या जमिनीतले ०.१२ हेक्टर म्हणजे रुपयातले दोनच आणे होते.

‘सारा’ या शब्दाची एक गंमत सांगायची राहिली. मराठीत सारा म्हणजे सगळा, आणि सारा म्हणजे शेतसाराही. ‘सारा सारा भरला’ हे वाक्य माझ्या आजोबांच्या पिढीत थट्टेने म्हणत असत. हिंदीभाषक सहकाऱ्याला ते समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली, आणि पंडित माधवराव सप्रे यांच्याविषयीचा माझा आदर वाढला. मूळचे मराठी असलेल्या या गृहस्थांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. १९२६ साली रायपुरात त्यांचे निधन झाले. दोन्ही भाषांत दिसायला सारखे आणि वजनाला निराळे असे शब्द पानोपानी अडवीत असताना त्यांनी एवढे मोठे ग्रंथ तडीस नेले. मला चार ओळींची अधिसूचना नेता आली नाही.

आता मी एक नियम पाळतो. गावात लागणारा कागद सहीला आला की तहसिलीतल्या कोटवाराला बोलावतो, त्याला तो वाचून दाखवतो आणि विचारतो, “हे तू गावात कसे सांगशील?” तो दवंडीच्या सुरात सांगतो. मी ऐकतो आणि मसुदा दुरुस्त करतो. परवाच एका नोटिशीत ‘समस्त’ शब्द होता. कोटवार नेहमीप्रमाणे ‘जम्मो’ म्हणाला. मी समस्त खोडून तेथे नऊ खसरा क्रमांक लिहिले आणि प्रत्येकापुढे क्षेत्र अक्षरांत घातले. नोटीस एका पानाची होती ती दोन पानांची झाली. लिपिकाने नाराजीने कागद पुन्हा टंकित केला, आणि दवंडीला कोटवाराला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला असे ऐकतो.